वाचक विचारतात: मेंदूच्या गाठीचा जनुकीय अहवाल

मेंदूच्या गाठींच्या जनुकीय तपासण्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे न्यूरोपॅथॉलॉजी, मेंदूविकार आणि कर्करोग जनुकशास्त्र या विषयांत काम करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

माझ्या ४१ वर्षांच्या भावाच्या मेंदूतली गाठ काढली. अहवालात ‘आयडीएच१ पॉझिटिव्ह, एटीआरएक्स रिटेन्ड’ असे लिहिले आहे. आता डॉक्टर ‘१पी/१९क्यू’ ही आणखी एक तपासणी करा म्हणतात. गाठ काढून झाली, मग ही कशासाठी? — एक वाचक, सातारा

त्या तपासणीशिवाय आजाराचे नावच ठरत नाही, म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमाचे (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींचे) तीन प्रकार आहेत: आयडीएच जनुकात म्यूटेशन (बदल) नसलेला ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच म्यूटेशन असलेला अॅस्ट्रोसायटोमा, आणि आयडीएच म्यूटेशनसोबत १पी व १९क्यू या गुणसूत्रांच्या दोन भुजा गमावलेला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. तुमच्या भावाच्या बाबतीत पहिला प्रकार बाद झाला आहे. उरलेल्या दोनांपैकी कोणता, ते पाहायचे आहे.

एटीआरएक्स या प्रथिनाचा डाग (प्रथिन दिसावे म्हणून स्लाइडवर घातलेला रंग) इथे मदत करतो. गाठीच्या पेशींमध्ये हे प्रथिन दिसेनासे झाले असेल, तर आयडीएच पॉझिटिव्ह गाठ अॅस्ट्रोसायटोमाच धरतात आणि पुढची तपासणी बहुधा लागत नाही. ‘रिटेन्ड’ म्हणजे प्रथिन शाबूत आहे. ते दोन्ही प्रकारांत असू शकते, म्हणून १पी/१९क्यू बघावे लागते. (एटीआरएक्स ‘लॉस्ट’ असा शेरा असेल, तर त्याच स्लाइडवर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी तपकिरी झाल्या आहेत ना, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतात. त्याही कोऱ्या असतील तर डागच नीट बसलेला नाही. अशा स्लाइडवरून निष्कर्ष काढायचा नसतो.)

१पी/१९क्यूसाठी बहुतेक ठिकाणी फिश ही पद्धत वापरतात. तिची मर्यादा माहीत असू द्या. फिशचा प्रोब (चमकणारा डीएनएचा तुकडा) भुजेवरच्या एका लहानशा जागेवर बसतो, निदानासाठी मात्र अख्खी भुजा जायला हवी. अर्धवट तुकडा गेलेला असला तरी फिश ‘डिलिटेड’ म्हणू शकते, आणि असे तुकडे ग्लायोब्लास्टोमातही जातात. म्हणून आयडीएच निगेटिव्ह आणि १पी/१९क्यू पॉझिटिव्ह असा जोड अहवालात आला तर त्यावर विश्वास न ठेवता दुसऱ्या पद्धतीने पडताळा घ्यायला सांगा.

नावाने उपचार बदलतो का? बदलतो. ग्रेड ३ च्या (ग्रेडचा आकडा जितका मोठा, तितकी गाठ आक्रमक) ऑलिगोडेंड्रोग्लायोमात रेडिएशनला पीसीव्ही या तीन औषधांच्या केमोची जोड दिल्यावर आरटीओजी ९४०२ या अमेरिकी चाचणीत मध्यम आयुर्मान ७.३ वर्षांवरून १४.७ वर्षांवर गेले. याउलट गाठ अॅस्ट्रोसायटोमा असेल, तर सीडीकेएन२ए/बी हे जनुक दोन्ही प्रतींतून गेले आहे का ते विचारा. गेले असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कितीही शांत दिसो, ती ग्रेड ४ मध्ये जाते.

गाठ ग्रेड २ ठरली, तर व्होरासिडेनिब या गोळीबद्दलही डॉक्टरांशी बोला. ३३१ रुग्णांच्या ‘इंडिगो’ चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यम काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिने झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन किंवा केमो न घेतलेले रुग्णच होते. ते आधीच घेतलेल्यांना हा आकडा लावू नये. गोळी यकृताला त्रास देऊ शकते. पहिले दोन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दोन वर्षांपर्यंत दरमहा यकृताची रक्ततपासणी करावी लागते.

वडील ६२ वर्षांचे. बायोप्सीत ‘सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेड २ सारखे’ लिहिले आणि शेवटी निदान मात्र ‘ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४’. ही छपाईची चूक आहे का? — नाशिक

बहुधा चूक नाही. आयडीएच म्यूटेशन नसलेल्या गाठीत टर्ट जनुकाच्या प्रमोटरचे (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाचे) म्यूटेशन, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातवे गुणसूत्र जास्त व दहावे कमी, यांतले एक जरी सापडले तरी २०२१ च्या नियमांनी ती ग्लायोब्लास्टोमा ठरते. सुईने घेतलेला तुकडा गाठीच्या कडेचा असला तर त्यात पेशींची गर्दी आणि मेलेला भाग दिसत नाही. म्यूटेशन मात्र कडेच्या पेशींतही असते.

दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, आयडीएच ‘निगेटिव्ह’ कशावरून ठरले? नेहमीचा डाग फक्त आयडीएच१ आर१३२एच हा एकच बदल ओळखतो. ग्लायोमातल्या आयडीएच म्यूटेशनपैकी सुमारे ९० टक्के तोच असतो, उरलेले निसटतात. वय ५५ च्या खाली असेल तर डाग निगेटिव्ह आल्यावर सीक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरे वाचणे) करावेच लागते. ६२ व्या वर्षी त्याची गरज कमी, तरी गाठीचे रूप वेगळे वाटल्यास करतात. दुसरी गोष्ट टर्टची. ते म्यूटेशन प्रमोटरमध्ये, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या भागाच्या बाहेर असते. साध्या एक्झोम तपासणीत (ती प्रथिन बनवणारे भागच वाचते) हा भाग येतच नाही. त्यामुळे ‘एक्झोममध्ये टर्ट सापडले नाही’ या वाक्यातून काहीच कळत नाही. प्रमोटर मुद्दाम घेतलेले पॅनेल (निवडक जनुकांची एकत्र तपासणी) लागते.

टर्टचा अर्थ आयडीएच ठरल्यावरच लावायचा, कारण आयडीएच पॉझिटिव्ह ऑलिगोडेंड्रोग्लायोमातही तेच म्यूटेशन जवळजवळ नेहमी असते.

एमजीएमटी तपासणी दोन प्रयोगशाळांत केली. एकीने ‘मेथिलेटेड’, दुसरीने ‘अनमेथिलेटेड’ सांगितले. कोणावर विश्वास ठेवायचा? तिसरीकडे करावी का? — कोल्हापूर, सोलापूर आणि ठाण्याहून आलेली पत्रे

आधी कार्य समजून घ्या. टेमोझोलोमाइड हे औषध कर्कपेशीच्या डीएनएतल्या ग्वानिनवर मिथाइल गट चिकटवते. एमजीएमटी प्रथिन तो काढून टाकते, म्हणजे औषधाने केलेली इजा दुरुस्त करते. जनुकाच्या प्रमोटरवर मेथिलेशन असेल, म्हणजे तिथे मिथाइल गट आधीच चिकटलेले असतील, तर जनुक बंद राहते, दुरुस्ती होत नाही आणि औषध लागू पडते. ग्लायोब्लास्टोमाच्या २००५ च्या युरोपीय-कॅनेडियन चाचणीत मेथिलेटेड रुग्णांचे मध्यम आयुर्मान नुसत्या रेडिएशनवर १५.३ महिने होते, टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर २१.७ महिने झाले. अनमेथिलेटेड गटात हेच आकडे ११.८ आणि १२.७ होते.

दोन प्रयोगशाळांत फरक पडण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. त्या प्रमोटरच्या पट्ट्यात मेथिलेशनच्या ९८ जागा आहेत. एक प्रयोगशाळा त्यांतल्या काही बघते, दुसरी दुसऱ्याच काही. एक पीसीआर करून हो-नाही सांगते, दुसरी पायरोसीक्वेन्सिंग करून टक्के काढते आणि स्वतः ठरवलेल्या रेषेच्या वर-खाली पाहून शेरा देते. ही रेषा सगळीकडे सारखी नाही.

सर्वांत मोठे कारण पाठवलेल्या तुकड्यात सापडते. समजा, गाठीच्या पेशींतले मेथिलेशन ४० टक्के आहे, पण तुकड्यात त्या पेशी फक्त २० टक्के आणि बाकी निरोगी मेंदू व रक्तपेशी. निरोगी पेशींत ही जागा बहुतांशी कोरी असते. मोजमाप येईल ४० च्या २० टक्के, म्हणजे ८. हा आकडा अनेक प्रयोगशाळांच्या रेषेजवळच पडतो आणि एक ‘हो’ म्हणते, दुसरी ‘नाही’. उलट चूकही होते: तपासणीआधी डीएनएवर बायसल्फाइटची प्रक्रिया करतात, ती अपुरी राहिली तर कोऱ्या जागाही मेथिलेटेड भासतात.

म्हणून तिसरीकडे धावण्याआधी दोन्हींकडून तीन गोष्टी लेखी मागा: पद्धत, प्रत्यक्ष टक्के, आणि तपासलेल्या तुकड्यातले गाठीच्या पेशींचे प्रमाण. ज्या तुकड्यात गाठ जास्त, त्या अहवालाला वजन जास्त. दोन्हीकडे गाठ कमीच असेल, तर दुसरा चांगला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) शोधून एकदाच करा. डाग घालून केलेली एमजीएमटी प्रथिनाची तपासणी यासाठी भरवशाची नाही, ती धरू नका.

आणि निर्णय खरोखर बदलणार आहे का, हेही विचारा. साठीच्या आतल्या, हिंडत्याफिरत्या रुग्णाला रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड साधारणपणे दोन्ही निकालांत देतात. खरा फरक पडतो सत्तरीच्या आसपासच्या, अशक्त रुग्णांत. तिथे मेथिलेटेड असेल तर नुसत्या गोळ्या आणि नसेल तर नुसते कमी दिवसांचे रेडिएशन, असा मार्ग २०१२ साली जाहीर झालेल्या दोन युरोपीय चाचण्यांनी दाखवला. घरात असा वयस्कर रुग्ण असेल तर एमजीएमटीचा आग्रह जरूर धरा.

ब्लॉक मुंबईला पाठवला, तीन आठवड्यांनी ‘नमुना अपुरा’ असा शेरा आला. गाठ तर लिंबाएवढी होती! — सांगली

अशी पत्रे सर्वांत जास्त आली आहेत आणि हे नुकसान बऱ्याचदा टाळता येते.

गाठ मोठी असली तरी मधला भाग मेलेला असतो आणि मेलेल्या पेशींतून कामाचा डीएनए निघत नाही. शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना विनंती करा की एमआरआयमध्ये चकाकणाऱ्या कडेचा तुकडा वेगळा ठेवावा. कॉटरीने (विजेच्या उपकरणाने) भाजलेला तुकडा जनुकीय तपासणीला देऊ नये. सोय असेल तिथे थोडा भाग लगेच उणे ८० अंशांवर गोठवावा.

बाकीचा भाग १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रावणात. बफर नसलेले जुने फॉर्मलिन हळूहळू आम्ल होते आणि डीएनएचे तुकडे पाडते. फॉर्मलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते, म्हणून मोठा गोळा अख्खा टाकू नये, पाच मिलिमीटरच्या चकत्या कराव्यात. फॉर्मलिनमधला काळ ६ तासांपेक्षा कमी नको आणि ७२ तासांपेक्षा जास्त नको. शनिवारी शस्त्रक्रिया, सोमवारी सुट्टी, मंगळवारी प्रक्रिया, असे झाले की नमुना बिघडतो. सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा तर बहुधा वायाच जातो.

ब्लॉक तयार झाल्यावर दुसरी गळती सुरू होते. प्रत्येक नव्या डागासाठी ब्लॉक यंत्रावर चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच काही ऊती जाते. म्हणून पॅथॉलॉजिस्टना एकाच वेळी पाच मायक्रॉनच्या दहा कोऱ्या स्लाइड कापून ठेवायला सांगा आणि पहिली व शेवटची स्लाइड नेहमीच्या रंगाने रंगवून घ्या, म्हणजे मधल्या सगळ्यांत गाठ आहे याची खात्री होते. पहिल्या स्लाइडवर पॅथॉलॉजिस्टने गाठीचा भाग पेनने वेढून द्यावा; प्रयोगशाळा कोऱ्या स्लाइडवरून तेवढाच भाग खरवडून घेते आणि निरोगी मेंदू वगळला जातो. सीक्वेन्सिंगसाठी गाठीच्या पेशी किमान २० टक्के आणि मेथिलेशनच्या तपासण्यांसाठी त्याहून बऱ्याच जास्त लागतात.

एकुलता एक ब्लॉक कुरिअरने पाठवू नका, स्लाइड पाठवा. ब्लॉक पाठवावाच लागला तर एप्रिल-मेमध्ये थंड पॅकसह पाठवा. उन्हात उभ्या गाडीत मेण मऊ पडते. ब्लॉकवरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा, आणि ब्लॉक परत मिळावा असे अर्जात लिहा.

तुमच्या बाबतीत आता काय? मूळ रुग्णालयात त्याच शस्त्रक्रियेचे इतर ब्लॉक आहेत का ते विचारा. मोठ्या गाठीचे सहसा तीन-चार तरी असतात आणि पाठवताना चुकीचा निवडला गेलेला असतो. तेही नसतील तर मोठ्या पॅनेलचा हट्ट सोडा. आयडीएच आणि टर्ट एवढ्यापुरती पीसीआर-सीक्वेन्सिंग तपासणी फार थोड्या डीएनएवर होते.

हे सगळे रक्तातून नाही का होत? — रत्नागिरी

फुफ्फुसाच्या कर्करोगात होते, ग्लायोमात आज तरी नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामधल्या अडसरामुळे गाठीचा डीएनए रक्तात फार कमी उतरतो. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात १० टक्क्यांहून कमी ग्लायोमा रुग्णांच्या रक्तात तो सापडला होता. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात मिळण्याची शक्यता बरीच अधिक असते, पण मेंदूत दाब वाढलेला असेल तर ते पाणी काढणे धोक्याचे असते. रक्तातली तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून गाठ नाही किंवा म्यूटेशन नाही, असे समजू नका.

फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत गेला आहे. मेंदूतल्या गाठीची वेगळी जनुकीय तपासणी हवी का? आईला आकडीसाठी फेनिटॉइन चालू आहे. — छत्रपती संभाजीनगर

मेंदूतली गाठ काढलीच असेल तर जरूर करा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८६ रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांच्या मेंदूतल्या गाठीत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा बदल सापडला, जो मूळ गाठीच्या नमुन्यात नव्हता. केवळ तपासणीसाठी मेंदूची शस्त्रक्रिया मात्र कोणी सुचवत नाही. तेव्हा मूळ गाठ किंवा रक्त यावर ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल आधी पाहतात, कारण ओसिमर्टिनिब, अलेक्टिनिब, लोरलाटिनिब ही औषधे मेंदूत चांगली पोहोचतात.

फेनिटॉइनचा मुद्दा तुम्ही लिहिलात हे फार बरे केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन यकृतातली विकरे वाढवतात. त्यामुळे ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्यांची रक्तातली पातळी घसरते. महागडी गोळी रोज घेऊनही गाठ वाढत राहते आणि ‘औषध लागू पडले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लोरलाटिनिबसोबत तर अशी औषधे चालतच नाहीत. लेव्हेटिरॅसिटाममुळे हा परिणाम होत नाही. पण फेनिटॉइन घरी एकदम बंद करू नका, आकडी उसळून येते. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा आणि बदल त्यांच्याकडूनच, टप्प्याटप्प्याने करून घ्या. लेव्हेटिरॅसिटामवर चिडचिड किंवा उदासी वाढली तर तेही लगेच सांगा.

पुतणी ७ वर्षांची, मेड्युलोब्लास्टोमा, ‘डब्ल्यूएनटी गट’. सगळे म्हणतात हा चांगला गट. मग तिला अख्ख्या मेंदूला आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन का? — अमरावती

मेड्युलोब्लास्टोमा या मुख्यतः मुलांना होणाऱ्या मेंदूच्या गाठीचे चार प्रमुख गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. डब्ल्यूएनटी गटातली ९० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, हे खरे. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात मेणाच्या ब्लॉकवरूनच गट ओळखण्याची पीसीआर पद्धतही विकसित झाली आहे.

पण बरे होण्याचे हे प्रमाण रेडिएशन धरून आहे. कण्याचे आणि पूर्ण मेंदूचे रेडिएशन टाळून फक्त गाठीच्या जागेला द्यावे, म्हणजे मुलांच्या बुद्धीवर आणि वाढीवर परिणाम कमी होईल, हा विचार टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी ‘फॉर-डब्ल्यूएनटी’ अभ्यासात काळजीपूर्वक तपासला. मेंदूच्या इतर भागांत आणि कण्यात आजार उलटू लागला, म्हणून अभ्यास थांबवावा लागला. मात्रा कमी करण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. पूर्ण वगळायला मात्र सांगू नका.

गट पक्का झाला आहे का, एवढे विचारा. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा डाग पेशीच्या केंद्रकात हवा, आणि सीटीएनएनबी१ जनुकातला बदल किंवा सहावे गुणसूत्र एकच असणे यांपैकी एकाने त्याला दुजोरा हवा. सीटीएनएनबी१ मध्ये बदल नसेल तर एपीसी जनुकाची रक्ततपासणी करतात, कारण तो बदल जन्मजात असू शकतो आणि घरात आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतो. उपचारानंतर उंची, थायरॉइड आणि श्रवण यांच्या तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवा.

एम.एस्सी. झाल्यावर ग्लायोमाच्या एक्झोम डेटावर काम सुरू केले आहे. प्रत्येक नमुन्यात शेकडो दुर्मीळ बदल सापडतात. कर्करोगाचे कोणते, कसे ओळखायचे? — नागपूर

त्याच रुग्णाच्या रक्ताचा डीएनए सोबत असेल तर अर्धे काम झाले. नसेल, तर तुमच्या यादीतले बहुसंख्य ‘दुर्मीळ’ बदल जन्मजात असणार. सार्वजनिक संग्रहांत युरोपीय वंशाचे नमुने फार जास्त आहेत, त्यामुळे आपल्याकडे सर्रास आढळणारा बदलही तिथे दुर्मीळ दिसतो. इंडिजेन प्रकल्पाच्या १,०२९ भारतीय जनुकसंचांशी ताडून पाहा. सीक्वेन्सिंगच्या वाचनांत बदलाचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर जन्मजात असण्याचा संशय आधी घ्या. हे न गाळता म्यूटेशनचा एकूण भार मोजलात तर तो फुगलेला येईल.

त्याआधी दोन साध्या गोष्टी. रक्त आणि गाठ एकाच माणसाची आहेत ना, हे सामान्य जनुकीय फरक जुळवून पाहा. नळ्यांची अदलाबदल वाटते त्याहून जास्त होते. आणि संदर्भ जनुकसंचाची आवृत्ती एकच ठेवा. टर्टच्या ‘सी२२८टी’ या नावातले २२८ हे जुन्या जीआरसीएच३७ मधल्या स्थानाचे शेवटचे तीन अंक आहेत. जीआरसीएच३८ मध्ये तीच जागा ११३ वर संपते. जुना क्रमांक नव्या आवृत्तीत शोधला तर म्यूटेशन ‘नाही’ असेच उत्तर मिळेल.

मग फॉर्मलिन. त्याने सायटोसिनमधला अमिनो गट निघून जातो आणि सीक्वेन्सरला सी च्या जागी टी दिसतो, उलट्या धाग्यावर जी च्या जागी ए. असे खोटे बदल सहसा ५-१० टक्क्यांखाली आणि विखुरलेले असतात. पेच असा की आयडीएच१ आर१३२एच हाही नेमका जी च्या जागी ए आहे. जुन्या ब्लॉकमध्ये तो दोन टक्क्यांवर दिसला तर लगेच जाहीर करू नका. आयजीव्ही या वाचने दाखवणाऱ्या प्रणालीत ती डोळ्यांनी बघा, डीएनएवर यूडीजी विकराची प्रक्रिया करून पुन्हा सीक्वेन्स करा, आणि स्लाइडवर आर१३२एचचा डाग घालून जुळवा.

उलटा धोका पुन्हा उद्भवलेल्या गाठींत आहे. टेमोझोलोमाइड घेतलेल्या काही रुग्णांत डीएनएच्या जुळणीतल्या चुका दुरुस्त करणारी जनुके बिघडतात आणि सी च्या जागी टी असे हजारो खरेखुरे बदल साचतात. फॉर्मलिनचा दोष समजून गाळणीने ते सरसकट उडवू नका. एमएसएच६, एमएसएच२, एमएलएच१ आणि पीएमएस२ ही दुरुस्तीची जनुके बघा, बदलांच्या शेजारची अक्षरे तपासा, पहिल्या शस्त्रक्रियेचा नमुना मिळत असेल तर त्याच्याशी तुलना करा. असा भार जास्त दिसला म्हणून इम्युनोथेरपी चालेल, असे अहवालात लिहू नका. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात अशा ग्लायोमा रुग्णांना तिचा फायदा दिसला नाही.